‘मंक’ पाहावी कशी
सॅन फ्रान्सिस्कोत घडणारी ‘मंक’ (२००२–२००९) ही अमेरिकी मालिका पाहताना खुनी ओळखण्याची घाई करू नये. अनेक भागांत तो सुरुवातीलाच कळतो आणि कोडे उरते ते त्याने खून साधला कसा, एवढेच. त्याऐवजी टोनी शालूब यांनी साकारलेल्या गुप्तहेर मंकच्या हातांकडे पाहावे, कारण त्याची जंतूंची धास्ती आणि वाकडी चौकट सरळ करण्याचा हट्ट यांवर आपण हसत असतो, त्याच क्षणी त्याची नजर जागेवर नसलेली वस्तू टिपत असते. पत्नी ट्रुडीच्या खुनाचा धागा आठव्या, अखेरच्या पर्वापर्यंत ताणलेला असल्याने पहिला भाग चुकवू नये. मधले भाग मागेपुढे झाले तरी (माझ्या मते) फारसे बिघडत नाही; तिसऱ्या पर्वात मंकची मदतनीस शरोना हिच्या जागी नॅटली येते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.