मोटारीच्या कंट्रोलरसाठी लँग्वेज निवडताय? मग या चुका टाळा

आपल्याकडे आता दोन-चार गावांमागे एखादा तरी पोरगा सापडतोच जो विहिरीवरच्या मोटारीसाठी मोबाईलवर चालणारा स्टार्टर बनवतो, आणि असे दोघं-तिघं एका टपरीवर जमले की वाद ठरलेला, प्रोग्राम लिहायला कोणती लँग्वेज घ्यायची, सी, रस्ट का सरळ मायक्रोपायथन. एक म्हणते "सी म्हणजे आत्महत्या हाय भाऊ", दुसरा म्हणते "मंग सारं जग काहून चालवते सी". वाद करा, पण त्यात एक गोष्ट कोणीच विचारत नाही, की त्या डब्ब्याकडून नेमकं काय होऊ द्यायचं नाही हे कुठे लिहिलंय का? बहुतेक वेळा नसतंच.

पहिली चूक: लँग्वेज आधी, रिक्वायरमेंट नंतर

"सिस्टीम सेफ पाहिजे" ही रिक्वायरमेंट नाही, ती इच्छा आहे. रिक्वायरमेंट अशी लिहायची: फूटव्हॉल्व्ह साफ करायला माणूस विहिरीत उतरलाय, तेवढ्यात लाईन आली, तर मोटार आपोआप सुरू होता कामा नये. ऑटो स्टार्टरचं कामच मुळी लाईन आली की मोटार चालू करणं आहे, त्यामुळे हा धोका दूरचा नाही, रोजचा आहे.

आता या एका वाक्याचे तुकडे पाडा. विहिरीत उतरताना डब्ब्याला 'मोटार सुरू करायची नाही' असा लॉक लावला असेल तर तो लाईट गेल्यावरही लक्षात राहिला पाहिजे, म्हणजे ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणारी मेमरी) लिहिला पाहिजे. लिहिता लिहिताच लाईन गेली तर तिथे अर्धवट कचरा पडतो, तो वाचला तर "लॉक आहे" असंच धरायचं. मोबाईलवरून चालूचा मेसेज आला तरी लॉक तोडायचा नाही. आणि मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटून बसला तर? तिथे कोणतीच लँग्वेज कामाची नाही, मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात टाकायचे, ही सोय डब्ब्याच्या बाहेरच पाहिजे.

तुकडे पडले की प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: हे चुकलं तर पकडणार कोण? कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चिपला कळेल असा प्रोग्राम करणारं सॉफ्टवेअर) पकडेल, प्रोग्राम चालताना पकडेल, कोड वाचणारा माणूस पकडेल, का हार्डवेअर? लँग्वेजची तुलना इथे सुरू होते, त्याआधीची सगळी टपरीवरची.

ईप्रॉमचंच घ्या. समजा स्थिती चार आहेत, बंद, चालू, थांबलेली, लॉक. रस्टमध्ये मॅच, म्हणजे कोणत्या स्थितीत काय करायचं ते, लिहिताना एक स्थिती विसरलात तर कोड कंपाइलच होत नाही, एडा या लँग्वेजच्या केसचंही तसंच. सीमध्ये हेच काम करणाऱ्या स्विचमधली केस विसरली तर कंपायलर फार तर वॉर्निंग देतो, तीही चालू ठेवली असेल तर, म्हणून मिस्रा सी (सी जपून वापरायची नियमावली) पाळणारे प्रत्येक स्विचला डिफॉल्ट, म्हणजे 'बाकी काहीही आलं तर' ही फांदी, लावतात. इथवर रस्ट आणि एडा पुढे. पण ईप्रॉममधून येतो तो नुसता एक बाइट, त्यात 0 ते 255 काहीही असू शकतं, आणि तो बाइट चारपैकी कोणत्या स्थितीत बसवायचा, बसला नाही तर काय करायचं, हे रस्टमध्येही तुम्हालाच लिहावं लागतं. तिथे "नाहीच बसला तर बंद धरू" असं लिहिलंत तर कंपायलर खूश, आणि लाईन आली की मोटार सुरू. लॉक धरायला पाहिजे होतं ते फक्त तुमच्या रिक्वायरमेंटच्या कागदाला माहीत आहे.

दुसरी चूक: मेमरी सेफ म्हणजे सगळंच सेफ

मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या प्रॉडक्टमधल्या सिक्युरिटीच्या भोकांपैकी जवळपास 70 टक्के मेमरीच्या गडबडीमुळे, म्हणजे प्रोग्रामने आपली नसलेली मेमरी वाचल्या-लिहिल्यामुळे, होतात. आकडा खरा आहे, पण तो कशाबद्दल आहे ते बघा, बाहेरून कोणी घुसू शकतं अशा भोकांबद्दल. 2014 चं हार्टब्लीड त्यातलंच, ओपनएसएसएल या इंटरनेट सुरक्षेच्या सॉफ्टवेअरच्या सी कोडमध्ये लांबी न तपासता मेमरी वाचून बाहेर पाठवली जायची. तुमच्या डब्ब्यात सिम कार्ड आहे, एसएमएस येतो, तो तुम्ही 32 अक्षरांच्या जागेत कॉपी करता आणि कोणीतरी लांबलचक मेसेज पाठवला, तर हा धोका तुमचाही आहे आणि इथे रस्टचा फायदा अगदी रोकडा आहे. पण विहिरीत पाणी नसताना मोटार फिरत राहिली (ड्राय रन) तर ती कधी तोडायची, एक फेज गेला तर काय, ही लॉजिकची कामं आहेत, तिथे मेमरी सेफ्टी काही बोलत नाही.

एरियन 5 रॉकेटचं उदाहरण सगळे देतात पण अर्धवट देतात. 4 जून 1996 ला पहिल्याच उड्डाणात ते 40 सेकंदांच्या आत फुटलं. कोड एडाचा होता, म्हणजे सेफ्टीसाठी नावाजलेली लँग्वेज. 64 बिटी फ्लोटिंग आकडा 16 बिटी पूर्णांकात बसवताना मावला नाही, एडाने तो झाकून नाही ठेवला, बरोब्बर एक्सेप्शन, म्हणजे 'चूक झाली' असा इशारा, दिलं. पण ते सांभाळायचं संरक्षण त्या ठिकाणी मुद्दाम ठेवलं नव्हतं, कारण हा भाग एरियन 4 वरून उचललेला आणि जुन्या रॉकेटच्या वेगात तो आकडा एवढा मोठा होतच नव्हता. एक्सेप्शन आलं की कॉम्प्युटर बंद करायचा असं ठरलेलं होतं, बॅकअप कॉम्प्युटरमध्येही तोच प्रोग्राम, तोही गेला. लँग्वेजने चूक पकडली, पकडल्यावर काय करायचं हे माणसांनी चुकीचं ठरवलं होतं.

आणि रस्टवाल्यांनी ही एक गोष्ट पाठच करून ठेवावी: पूर्णांक ओव्हरफ्लो झाला, म्हणजे ठरलेल्या जागेत मावला नाही, की डीबग बिल्ड (चाचणीचा प्रोग्राम) पॅनिक होऊन थांबतो, पण रिलीज बिल्डमध्ये (शेवटी वापरायचा प्रोग्राम) डिफॉल्टने आकडा गुपचूप फिरून परत येतो. वावरात जातो तो रिलीज बिल्ड. ओव्हरफ्लो चेकचं सेटिंग रिलीजलाही चालू करा, आणि मग पॅनिक झाल्यावर रिले सुटलीच पाहिजे हेही बघा, नाहीतर पॅनिकमध्ये बोर्ड अडकून बसला आणि मोटार चालूच राहिली.

तिसरी चूक: बोर्ड बदलला तरी तोच कोड, वॉर्निंग बंद

लाईन आल्यावर लगेच मोटार सुरू करत नाहीत, अख्ख्या डीपीवरच्या मोटारी एकदम उठल्या की फ्यूज जातो, म्हणून मिनिटभर थांबायचं. कोडमध्ये लिहिलं 60 गुणिले 1000, मिलिसेकंदात. ईएसपी32 या बोर्डवर एकदम बरोबर. तोच कोड अर्डुइनो उनो या बोर्डवर टाकला, तिथे साधा इंट (पूर्णांक) 16 बिटचा, कमाल 32767, गुणाकार 60000 न होता उणे 5536 होतो, तो बिनचिन्हाच्या 32 बिटी व्हेरिएबलमध्ये टाकला की झाले 4294961760 मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाच्या जागी साधारण 49 दिवस. शेतकरी म्हणते "डब्बाच खराब हाय", आणि डब्बा बिचारा सांगितलं तेच करतोय.

गंमत म्हणजे कंपायलरला हे दिसतं. पण अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्निंग मुळातच बंद असतात, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन "ऑल" करावं लागतं. आकड्यामागे यूएल (बिनचिन्हाचा 32 बिटी आकडा अशी खूण) लावा, 1000 यूएल, विषय मिटला. रस्टमध्ये दोन्ही आकडे कोडमध्येच सरळ लिहून असा 16 बिटी गुणाकार केला तर कोड कंपाइलच होत नाही. पण रस्टचा स्टेबल कंपायलर उनोच्या एव्हीआर चिपवर थेट चालत नाही, नाइटली (रोज निघणारी प्रायोगिक आवृत्ती) लागतो, आणि एक्सटेन्सा कोअरच्या जुन्या ईएसपी32 ला तर वेगळाच कंपायलर. म्हणून लँग्वेजची तुलना करताना तुमच्या चिपसाठीच्या कंपायलरची तुलना करा.

चौथी चूक: महिनाभर चाललं म्हणजे बरोबर आहे

अर्डुइनोचं मिलिसेकंदाचं घड्याळ 32 बिटचं, 49.7 दिवसांनी परत शून्यावर येतं. "आत्ताची वेळ सुरुवात अधिक मुदतीपेक्षा मोठी झाली का" असं लिहिलं असेल तर त्या क्षणी हिशोब चुकतो. "आत्ता वजा सुरुवात, हे मुदतीएवढं झालं का" असं लिहिलं की चुकत नाही. आपल्याकडे हा बग दिसतच नाही, कारण लाईनच एवढी जाते-येते की घड्याळ रोज शून्यापासून सुरू होतं! लोडशेडिंग बग झाकून ठेवतं. मग कोणी हौसेने बॅटरी बॅकअप लावला की दीड-दोन महिन्यांनी फोन येतो. हसू नका, 2015 मध्ये बोइंग 787 साठी अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने आदेश काढला होता, जनरेटर कंट्रोल युनिट सलग 248 दिवस चालू राहिलं तर काउंटर ओव्हरफ्लो होऊन वीज जाऊ शकते म्हणून, तोवरचा उपाय काय तर वीज बंद करून चालू करा.

पाचवी चूक: स्टँडर्डने लँग्वेज पास केलीय असं समजणं

आयईसी 61508 हे यंत्रांच्या सुरक्षेचं स्टँडर्ड किंवा गाड्यांचं आयएसओ 26262 "ही एकच लँग्वेज घ्या" असा शिक्का मारत नाहीत. ते म्हणतात टाइपिंग कडक ठेवा, लँग्वेजचा ठरवून घेतलेला भागच वापरा, टूलवर भरवसा का ठेवावा ते दाखवा. सीसाठी तो ठरवून घेतलेला भाग म्हणजे मिस्रा सी, पहिली आवृत्ती 1998 ची. रस्टच्या बाजूने फेरोसीन हा कंपायलर 2023 मध्ये या दोन्ही स्टँडर्डसाठी क्वालिफाय झाला, पण क्वालिफाय कंपायलर झाला, तुमचा कोड नाही. हा फरक सेल्सवाले सांगत नाहीत.

जिनिंगमध्ये तर मी सरळ पीएलसी (कारखान्यातला कंट्रोलर) आणि त्याची आकृतीसारखी लॅडर लँग्वेजच म्हणेन. कापसाच्या ढिगात ठिणगी पडली तर रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन पॅनेलसमोर उभा राहणार, तो लॅडर वाचतो, रस्ट वाचत नाही. इमर्जन्सी स्टॉप मात्र वायरनेच तोडला पाहिजे, प्रोग्रामला विचारून नाही. आणि मायक्रोपायथन स्क्रीनवर आकडे दाखवायला, मोबाईलशी बोलायला झकास, पण त्याचा गार्बेज कलेक्टर मध्येच थांबून मेमरी झाडतो, मोटार तोडायचं काम त्याच्या भरवशावर नको.

माझी निवड विचाराल तर एव्हीआरवर सी, सगळ्या वॉर्निंग चालू, सीपीपीचेक हे कोडमधल्या चुका शोधणारं फुकटचं टूल रोज फिरवायचं. नवीन आर्म जातीची चिप आणि सिम कार्ड असेल, शिकायला दोन महिने हातात असतील, तर रस्ट.

आणि मोटार उठताना बोर्ड रिसेट होत असेल तर लँग्वेज बदलायला धावू नका. आधी रिसेटचं कारण वाचा, चिपमध्ये ते लिहिलेलं असतं, ब्राउनआउट (व्होल्टेज खूप पडणं) का वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की चिप रिसेट करणारा टायमर); काही बूटलोडर, म्हणजे चिप सुरू होताना आधी चालणारे प्रोग्राम, ते आधीच पुसून टाकतात, तेवढं तपासा. ब्राउनआउट निघाला तर व्होल्टेज बसतंय, सप्लाय बदला. वॉचडॉग निघाला तर कोड कुठेतरी अडकतोय, बहुतेक मोडेमच्या उत्तराची वाट बघत, तिथे टाइमआउट टाका.