नवतपा लागायच्या आधी गाडीचं कूलिंग आणि टायर

नागपुरात गाडीची परीक्षा मे महिन्यात असते. 25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागतो, पारा 45 च्या पुढे सरकतो आणि सिग्नलला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. खालची कामं होळीनंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी उरकून टाकावीत.

आधी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमधून फिरणारं द्रव. इंजिन रात्रभर उभं राहून पूर्ण थंड झालेलं हवं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचंच नाही. आत दाब असतो आणि झाकण सैल होताच उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. झाकण उघडल्यावर त्याच्या रबराला नखाने दाबून बघा. कडक झालं असेल, चिरा असतील तर नवीन घ्या, पण त्यावर छापलेला दाबाचा आकडा (0.9, 1.1 बार वगैरे) जुन्याशी जुळला पाहिजे. अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन) आणि अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर 107 अंशांच्या आसपास उकळतं, 1.1 बारच्या झाकणाखाली तेच 125 च्या पुढे तग धरतं. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांचं झाकण दाब धरत नसेल, तर महागडा कूलंट भरूनही गाडी उकळणारच.

बोअरचं पाणी टाकू नका. कारण बघायचं असेल तर घरातल्या कूलरच्या ताट्या बघा. दोन महिन्यांत त्यांच्यावर जो पांढरा कडक थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून चढतो. पाणी डिस्टिल्डच, बॅटरीसाठी मिळतं ते.

कूलंट तपकिरी किंवा गढूळ झाला असेल तर बदला. खाली टब ठेवून ड्रेन प्लग (रेडिएटरच्या तळाचं बूच) किंवा खालचा होज (रबरी पाइप) काढा आणि किती निघालं ते मोजा. हे मोजणं बहुतेक जण टाळतात आणि तिथेच गणित चुकतं. मग डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, फॅन लागेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. समजा गाडीची क्षमता 5 लिटर आहे आणि दरवेळी 3 लिटरच निघतं, तर 2 लिटर साधं पाणी इंजिनच्या ब्लॉकमध्येच अडकून असतं. आता त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होणार. अशा वेळी कॉन्संट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेला कूलंट, घ्या: अडीच लिटर कॉन्संट्रेट, अर्धा लिटर पाणी, झालं अर्धं-अर्धं. हिरवा, लाल, गुलाबी हे नुसते रंग आहेत, प्रतीची खूण नव्हे; मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकाराचाच घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका.

भरताना गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, वरचा होज हाताने दाबत राहा, म्हणजे अडकलेली हवा निघते. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. काढलेला कूलंट नालीत किंवा अंगणात ओतू नका. चवीला गोड असतो, मोकाट कुत्री चाटतात आणि मरतात.

गाडी नेमकी कुठे तापते यावरून दोष बराचसा कळतो. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि वर्धा रोडला वेग घेतला की खाली येतो, तर हवा मिळत नाही: फॅन, त्याचा रिले, फ्यूज, नाहीतर जाळीत अडकलेला कचरा. गावात ठीक पण हायवेवर वेग वाढला की तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही: चोंदलेला रेडिएटर, थकलेला वॉटर पंप, पूर्ण न उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप). इलेक्ट्रिक फॅन असलेल्या बहुतेक गाड्यांत एसी लावताच थोड्या वेळात फॅन फिरतो. एसीवर फिरतो पण नुसत्या तापण्यावर फिरत नसेल, तर आधी तापमानाचा सेन्सर आणि त्याची वायर बघा, मोटर नंतर.

रेडिएटरची जाळी धुताना प्रेशर वॉशर दूर ठेवा, फिन (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात. साध्या नळाचं पाणी, शक्यतो इंजिनच्या बाजूने बाहेर. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांच्या फटीत धूळ, किडे आणि काटेसावरीचा कापूस गादीसारखा बसतो. समोरून गाडी चकाचक दिसते, हवा मात्र जात नाही.

रस्त्यात काटा लालकडे गेलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात. उन्हात नको वाटतं, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. गाडी बाजूला घ्या. वाफ दिसली किंवा पाणी गळतंय असं वाटलं तर इंजिन तत्काळ बंद. निदान पाऊण तास झाकणाला हात नाही, इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही. इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

बॅटरीचं थोडक्यात: इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. टर्मिनलवरचा पांढरा भुगा गरम पाण्याने काढा; सोडताना आधी निगेटिव्ह.

टायरची हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की दाब दीडेक पीएसआयने वाढतो, म्हणून दुपारी वाढलेला आकडा बघून हवा काढू नका. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा’ हा सल्ला पंपावर हमखास मिळतो, आणि तो उलटा आहे. कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्यानेच रबर तापतं आणि टायर फुटतो. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढून कारसाठीच्या ताशी 120 किमीच्या मर्यादेवर तासन्‌तास जायचं असेल, तर बाजूला फुगा किंवा चीर असलेला टायर चालणार नाही. कडेवरच्या डीओटी खुणेचे शेवटचे चार अंक वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. स्टेपनीचेही वाचा, तिची खोबण नवी दिसते, पण वय इतर चौघांइतकंच असतं.