स्वीडनच्या अंधाऱ्या हिवाळ्यात घरातले दिवे कसे लावायचे: पिवळा बल्ब, लाल लाइट आणि सकाळचा पांढरा उजेड

स्टॉकहोममध्ये डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो, म्हणजे जेमतेम सहा तासांचा दिवस, त्यातही बरेचदा ढगच. आणि खरं सांगायचं तर डिसेंबरपेक्षा नोव्हेंबर जास्त जड जातो, कारण तेव्हा बर्फ नसतो, बर्फ पडला की जरा तरी उजळतं. पुण्या-मुंबईहून इथे नोकरीला आलेले आपले बरेच लोक पहिल्या हिवाळ्यात सगळ्या खोल्यांत पांढरेशुभ्र एलईडी लावून टाकतात, रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइटसारखा लख्ख उजेड, मग झोप लागत नाही आणि सकाळी अंथरुणातून उठवत नाही. म्हणून सांगतेय, नुसता उजेड वाढवू नका, तो वाटून घ्या. सकाळी पांढरा आणि भरपूर, संध्याकाळी पिवळा-तांबडा आणि थोडा.

यामागचं कारण साधं आहे. आपल्या डोळ्यात काही पेशी अशा असतात ज्या बघण्यासाठी नाही तर दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्यासाठी असतात, आणि त्या सगळ्यात जास्त निळसर उजेडाला, साधारण 480 नॅनोमीटरच्या (ही उजेडाच्या रंगाची तरंगलांबी) आसपास, प्रतिसाद देतात. तो उजेड मिळाला की मेलाटोनिन, म्हणजे रात्री झोप आणणारं संप्रेरक, दबतं, झोप उडते. लाल उजेडाला त्या जवळजवळ दाद देत नाहीत, म्हणून रात्री लाल चांगला, आणि नेमक्या त्याच कारणाने सकाळी जागं व्हायला लाल बिनकामाचा.

तर आधी सकाळचं. उठल्यावर पहिल्या तासाभरात 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) लाइट बॉक्ससमोर, म्हणजे खास तेजस्वी पांढऱ्या दिव्यासमोर, 20 ते 30 मिनिटं बसा, चहा प्या, मेल बघा, दिव्याकडे टक लावून बघायची गरज नाही, फक्त तो डोळ्यांच्या वर थोडा बाजूला असू दे. घेताना दोनच गोष्टी बघा, यूव्ही म्हणजे अतिनील किरण गाळलेले आहेत ना आणि 10,000 लक्स किती अंतरावर मिळतात, कारण छोट्या स्वस्त दिव्यात ते अंतर एक वीतभरच निघतं आणि तेवढं जवळ कोणी बसत नाही. आणि दुपारी लंचच्या वेळी बाहेर पडाच, ढगाळ असलं तरी, बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

आता संध्याकाळ, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. छतावरचा मोठा दिवा बंद करा आणि दोन-तीन छोटे दिवे खाली ठेवा, टेबलावर, खिडकीत, सोफ्याच्या बाजूला. त्यातला निदान एक जुना तारेचा बल्ब असू दे. एलईडी डिमरवर कमी केला तर बहुतेक वेळा रंग तोच राहतो, नुसता मंद होतो. तारेचा बल्ब कमी केला की टंगस्टनची तार थंड होत जाते आणि उजेड पिवळ्याचा केशरी, केशरीचा तांबूस होतो, शेवटी शेवटी काचेतून तार नुसती निखाऱ्यासारखी दिसते. रात्री आठनंतर डिमर हळूहळू खाली आणत गेलं की शरीराला संध्याकाळ कळते, मुलं पण लवकर शांत होतात हे मी घरात बघितलंय.

बल्ब मिळवायचा कुठून, कारण युरोपियन युनियनने 2009 ते 2012 मध्ये टप्प्याटप्प्याने हे बल्ब बाजारातून काढले. लोप्पिस म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात अजून खोक्यात पडलेले सापडतात. नाहीतर ओव्हनचा छोटा बल्ब, 15 किंवा 25 वॅटचा, कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतो आणि बारीक होल्डरच्या टेबल लॅम्पला बसतो. भारतातून आणणार असाल तर तिथले बल्ब बहुतेक पिनचे असतात आणि इथले होल्डर आट्यांचे, त्यामुळे अडॅप्टर लागेल, व्होल्टेज मात्र 230 च आहे. देवघरातला तो लाल झिरोचा बल्ब, तो या कामाला छान, पॅसेजमध्ये किंवा बाथरूमच्या वाटेवर लावला की रात्री उठल्यावर झोप मोडत नाही.

विजेचं म्हणाल तर 40 वॅटचा एक बल्ब रोज चार तास म्हणजे महिन्याला पाचेक युनिट. त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जाते, पण इथल्या हिवाळ्यात ती घरातच राहते. फक्त लॅम्पशेडवर किती वॅटपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नका, आणि पडद्यापासून लांब ठेवा. कोंबडीच्या पिल्लांसाठी 250 वॅटचा लाल हीट लॅम्प मिळतो, तो काही लोक घरात लावतात. कृपा करून प्लास्टिकच्या होल्डरला लावू नका, चिनी मातीचाच होल्डर हवा, आणि तो चालू ठेवून झोपू तर नकाच.

लाल लाइटची महागडी पॅनेल्स, 660 आणि 850 नॅनोमीटरवाली, त्याबद्दल पण विचारतात. त्वचेसाठी आणि दुखण्यासाठी त्यावर संशोधन चालू आहे, पण हिवाळ्यातल्या उदासीसाठी ज्याच्या मागे खरा अभ्यास आहे तो सकाळचा तेजस्वी पांढरा उजेड, 1984 पासून, जेव्हा मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल यांनी या आजाराचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. डॅनिश डॉक्टर निल्स फिन्सेन यांच्या 1903 च्या नोबेलचा दाखला देऊन कोणी लाल पॅनेल विकत असेल तर ऐकू नका, ते नोबेल त्वचेच्या टीबीवर जांभळ्या-अतिनील बाजूच्या उजेडाने केलेल्या उपचाराला होतं. आणि ड जीवनसत्त्व लाल दिव्यातून मिळत नाही, पिवळ्यातून पण नाही, ते डॉक्टरांना विचारून गोळीतूनच घ्या.

बायपोलरचा त्रास असेल, डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल किंवा उजेडाने त्वचेवर रिअ‍ॅक्शन येणारी औषधं चालू असतील तर लाइट बॉक्स आधी डॉक्टरांना विचारूनच. आणि दोन आठवडे सगळं करूनही मन उचलत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर दिव्यांवर विसंबून बसू नका, 1177 ला, म्हणजे इथल्या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला, फोन लावा.

एक शेवटचं, अ‍ॅडव्हेंटला, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यांत, इथल्या प्रत्येक खिडकीत सात बल्बांचा त्रिकोणी स्टँड लागतो, तो तुम्ही पण घ्या, जुना मिळाला तर जुनाच, त्यातले 3 वॅटचे चिमुकले बल्ब तारेचे असतात आणि एकामागे एक जोडलेले, एक सैल झाला की सातही विझतात, त्यामुळे टाकून द्यायच्या आधी एकेक पिळून बघा. लोक 13 जानेवारीला ते उतरवतात. तुम्ही फेब्रुवारी संपेपर्यंत ठेवा, कोणी काही म्हणत नाही.