रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटतोय? आधी तो कुठे फाटतोय ते शोधा

मागच्या आषाढीला घरी भजन होतं. मी लॅपटॉपला माईक लावला, आधी लेव्हल पाहून घेतली आणि निश्चिंतपणे मागे जाऊन बसलो. पहिले दोन अभंग सुरेख उतरले. मग गजर चढला, टाळ वाढले आणि तिथून पुढची वीस मिनिटं नुसती चरचर. त्या वीस मिनिटांतच वडिलांचा आवाज सगळ्यांत मोकळा लागला होता. तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो. त्यातून हाती लागलेलं इथे क्रमाने मांडतो.

आवाज फाटतो म्हणजे काय होतं

धान्य मोजताना मापावर शीग चढते. ती हाताने निपटून काढली की वर सपाट कड राहते. संगणकही आवाज मापानेच मोजतो आणि त्याच्या मापाची कड म्हणजे शून्य डेसिबल (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं एकक). म्हणून सॉफ्टवेअरमधले आकडे उणे असतात: उणे ६, उणे १२. १६ बिटच्या (प्रत्येक मोजमापाला १६ बिटांची जागा देणाऱ्या) रेकॉर्डिंगमध्ये एका बाजूला जास्तीत जास्त ३२,७६७ हा आकडा मावतो. आवाजाची लाट त्याहून उंच आली की तिचा शेंडा छाटला जातो. गोल शेंडा सपाट झाला की मूळ आवाजात नसलेले वरच्या पट्टीतले स्वर त्यात मिसळतात आणि आपल्याला ऐकू येते ती चरचर यांचीच. यालाच क्लिपिंग म्हणतात. छाटलेलं रेकॉर्डिंग नंतर कितीही हळू केलं तरी शीग परत येत नाही, छाटलेली लाट फक्त बुटकी होते.

पहिली पायरी: वेव्हफॉर्म (आवाजाच्या लाटेचं चित्र) बघा

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल उघडून व्ह्यू मेनूतलं 'शो क्लिपिंग' सुरू करा. जिथे लाट कडेला टेकली असेल तिथे लाल रेघा दिसतील. तो भाग भरपूर मोठा करून बघा.

शेंडे अगदी कडेला सपाट असतील तर लेव्हल जास्त झाली, एवढं नक्की. शेंडे सपाट आहेत, पण कडेच्या बरेच खाली? मग आवाज संगणकाच्या मापापर्यंत पोचण्याआधीच फाटला आहे. आणि शेंडे नीट गोल असूनही चरचर ऐकू येत असेल तर आधी हेडफोन बदलून ऐका.

मधला प्रकार सगळ्यांत फसवा. तो पकडायची सोपी युक्ती आहे. सॉफ्टवेअरमधला इनपुटचा स्लायडर निम्म्यावर आणा आणि तितक्याच जोराने गायलेला तुकडा पुन्हा रेकॉर्ड करा. लाट बुटकी झाली, पण शेंडे सपाटच राहिले, तर दोष स्लायडरच्या आधी आहे: माईकमध्ये, गेनच्या (माईकचा सिग्नल वाढवणाऱ्या) बटणात किंवा वायरीत. तिथे स्लायडर कितीही खाली ओढला तरी उपयोग नाही. माझे पहिले दोन दिवस तो स्लायडर ओढण्यातच गेले.

दुसरी पायरी: बूस्ट उतरवा

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड आणि मग 'मोअर साउंड सेटिंग्ज' असं जा. रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये आपला माईक निवडून प्रॉपर्टीज आणि त्यातलं लेव्हल्स उघडा. बऱ्याच लॅपटॉपवर तिथे 'मायक्रोफोन बूस्ट' दिसतं आणि ते वाढवून ठेवलेलं असतं. २० डेसिबल बूस्ट म्हणजे लाटेची उंची दहापट, ३० डेसिबल म्हणजे एकतीसपटीहून थोडी जास्त. ते शून्यावर आणा. त्याच खिडकीत एन्हान्समेंट्स दिसल्या तर बंद करा. आपोआप आवाज वरखाली करणाऱ्या सोयी बोलण्यासाठी ठीक असतात, गाण्याची त्या नासाडी करतात. मॅकवर साउंडमधल्या इनपुटखाली एकच स्लायडर असतो.

ऑडिओ इंटरफेस (माईक आणि संगणक यांच्यामध्ये जोडायची डबी) असेल तर गेन त्याच्याच बटणाने कमी करायचा. गेन पूर्ण उतरवूनही लाल दिवा लागत असेल तर माईकवर किंवा इंटरफेसवर 'पॅड' नावाची खिटी आहे का बघा, ती येणारा आवाज ठरावीक डेसिबलने खाली आणते.

मंडळाच्या मिक्सरची वायर थेट लॅपटॉपच्या एकुलत्या एका छिद्रात घालू नका. ते छिद्र माईकसाठी असतं, त्याला काही मिलिव्होल्टची अपेक्षा असते. मिक्सरमधून येणारा सिग्नल त्याच्या कित्येक पट मोठा. तिथे आवाज आतच फाटतो. मिक्सर जोडायचा तर लाइन इनपुट (असा मोठा सिग्नल घेणारं छिद्र) असलेला इंटरफेस हवा.

तिसरी पायरी: बसण्याची जागा

याकडे लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. माईकपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे लाटेची उंची निम्मी होते. खोलीत भिंतींवरून आवाज परततो म्हणून थोडा कमी उतरतो, पण फरक स्पष्ट कळतो. गायक माईकपासून हातभर, पेटी त्याच्या बाजूला, पखवाज जरा लांब आणि टाळकरी सगळ्यांत मागे. टाळेचा ठोका इतका क्षणिक असतो की पडद्यावरच्या मीटरची सरासरी पट्टी जागची हलतही नाही, शेंडा मात्र कापला जातो. म्हणून नजर पीकच्या, म्हणजे सर्वांत उंच शेंड्याच्या, आकड्यावर ठेवायची.

एकटं बोलणं रेकॉर्ड करत असाल तर फ, भ, ख, थ यांच्याकडे लक्ष द्या. मराठीत हे महाप्राण पावलोपावली येतात आणि त्यांच्याबरोबरचा श्वासाचा झोत थेट माईकवर आदळतो. माईक तोंडासमोर न धरता जरा बाजूला, तिरका ठेवा आणि मध्ये पॉप फिल्टर (श्वासाचा झोत अडवणारी जाळी) लावा.

चौथी पायरी: लेव्हल ठरवा

चाचणीत माणूस दबून गातो. सगळे मान डोलवू लागले की तोच माणूस दीडपट जोराने गातो. म्हणून चाचणी गजराचीच घ्या, टाळांसकट. त्यातला सर्वांत उंच शेंडा उणे १२ च्या आसपास येईल असा गेन ठेवा. लाट बारीक दिसते म्हणून घाबरू नका. २४ बिटमध्ये सुमारे १४४ डेसिबलचा पल्ला असतो. वर १२ डेसिबल मोकळे सोडून काही गमावत नाही, नंतर आवाज वाढवता येतो.

ऑडॅसिटी मुळातच ३२ बिट फ्लोटवर, म्हणजे कडेच्या वरचे आकडेही मावतील अशा मापावर, चालते. त्यामुळे दोन ट्रॅक एकत्र केल्यावर लाल रेघा आल्या तर 'अ‍ॅम्प्लिफाय'मध्ये उणे आकडा देऊन त्या घालवता येतात, तिथे काही हरवलेलं नसतं. पण फाइल १६ बिटमध्ये बाहेर काढण्याआधीच हे करा. रेकॉर्ड होतानाच जे छाटलं गेलं, त्याला हा नियम लागू नाही.

रेकॉर्डिंग आधीच बिघडलं असेल तर

मूळ फाइलची प्रत काढून प्रतीवरच काम करा. फाटलेला भाग निवडा, एकेक गजर किंवा एकेक ओळ. इफेक्ट मेनूमध्ये 'क्लिप फिक्स' आहे. त्यात दोन आकडे दिसतात. पहिला थ्रेशोल्ड, सुरुवातीला ९५ टक्के: निवडलेल्या भागातल्या सर्वांत उंच शेंड्याच्या इतक्या जवळ गेलेली लाट छाटलेली समजायची. दुसरा आकडा उणे ९ डेसिबल: नवे शेंडे बसवायला वर जागा हवी, म्हणून सगळा भाग आधी तेवढा खाली येतो. ९५ ने चरचर राहिली तर ९० करून बघा. त्याहून खाली गेल्यावर चांगल्या लाटाही बदलू लागतात, म्हणून प्रत्येक वेळी ऐका. भाग तुकड्यातुकड्याने दुरुस्त केलात तर प्रत्येक तुकड्याला दुसरा आकडा सारखाच द्या, नाहीतर जोडांवर आवाज उडी मारतो.

एखादाच टिचका असेल तर 'रिपेअर' जास्त चांगलं काम करतं. ते एका वेळी फक्त १२८ सॅम्पल (लाटेची सुटी मोजमापं) घेतं, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराने जेमतेम ३ मिलिसेकंद.

हे सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंची लाट पाहून मधला शेंडा अंदाजाने भरतं. शेंडा थोडाच छाटला गेला असेल तर अंदाज इतका जमतो की कान फसतो. निम्मी लाट गेली असेल तर नाही. आमच्या वीस मिनिटांतली साधारण चार मिनिटं ऐकण्यासारखी झाली. त्यात वडिलांची एक पूर्ण तान आहे.

आता मी लॅपटॉपखेरीज दाराशी, टाळकऱ्यांच्याही मागे, एक जुना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवतो. तिथून आवाज लांबचा येतो, पण फाटत नाही.