ऊसतोडीच्या तळावर आरोग्य सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस, कराडच्या शिवारात तोडकऱ्यांच्या खोप्या उभ्या राहतात. मागोमाग टॅब घेतलेली सर्वेक्षणाची पोरं येतात. चुका दरवर्षी त्याच.

दुपारी जाऊ नका. तोडकरी अंधारातच फडात गेलेले असतात. तळावर म्हातारी माणसं आणि लेकरं. ‘घर बंद’ असा शेरा मारून मोकळं होता येतं, पण मग आलात कशाला? चुली पेटल्यावर जा.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या, यादीवरून माणसं मोजली की. ती यादी उचलीच्या, म्हणजे तोडकऱ्यांना दिलेल्या आगाऊ पैशाच्या, हिशेबाची. तिच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि नाव नवऱ्याचं. वाळवा तालुक्यातल्या एका तळावर दोन नवी पोरं मुकादमाशेजारी बसली आणि तासाभरात सगळे फॉर्म भरून, चहा पिऊन परत. गरोदर शून्य, पाळीच्या तक्रारी शून्य. इतका निरोगी तळ मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. संध्याकाळी आशाताईंना घेऊन स्वतः गेले. पहिल्याच खोपीत सातव्या महिन्यातली पोर, नुकत्याच मोळ्या वाहून आलेली. शेजारीण म्हणाली, “मला कसली पाळीची तक्रार बाई, माझी पिशवी काढलीया.” म्हणजे गर्भाशयच नाही, म्हणून तक्रार नाही, म्हणून फॉर्मवर बाई ठणठणीत! 2019 साली बीड जिल्ह्यात पाहणी झाली तेव्हा 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. मुकादमाला विचारून हा आकडा कधी हाती लागला असता का?

मी आधी खोपीगणिक डोकी मोजते, मग टॅब उघडते. पिशवी आहे का, कधी काढली, कुणी सांगितलं म्हणून काढली, हे बाईनंच बाईला विचारायचं, सासू-नवरा जवळ नसताना.

‘तंबाखू खाता का?’ याला बाया ‘नाही’ म्हणतात आणि सकाळी दातांना भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावतात. मिश्रीचं वेगळं विचारा.

‘घरात कुणी अपंग?’ हा प्रश्न तर टाकूनच द्या. म्हातारीला दिसत नाही, हे घरच्यांच्या लेखी वयच असतं. अपंगत्व मोजण्यासाठी वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटानं तयार केलेले सहा प्रश्न वापरा: पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं, बोलणं-समजणं यांत किती अडचण येते? अजिबात नाही, थोडी, खूप, की जमतच नाही?

आल्या आल्या आधार मागू नका. जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवून त्यांची नोंद ठेवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली गेला, पण कागदावर नाव चढण्याची धास्ती काही घरांत अजून आहे. आणि जातीच्या रकान्यात नुसतं ‘भटके’ लिहून भागत नाही. विमुक्त वेगळे, भटक्या जमाती ब, क, ड वेगळ्या.

ॲपमध्ये आधीच ‘नाही’ वर टिक असेल तर ती काढून घ्या. ‘विचारलं नाही’ असा तिसरा पर्याय हवाच. घाईतली पोरं न विचारलेलंही ‘नाही’तच ढकलतात.

गरोदर बाईच्या फॉर्मवर तिच्या मूळ गावच्या आशाताईंचा नंबर घ्या. मार्च-एप्रिलात खोप्या मोडतात, आणि पोर जतला बाळंत झाली की बीडला, हे इथल्या उपकेंद्राला कळायचा दुसरा मार्ग नाही.