हीट सिंकसाठी टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन: सॉल्व्हरच्या पळवाटा कशा बुजवाव्यात

हीट सिंक म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग; फिन म्हणजे त्याच्या पातळ पट्ट्या. टोपोलॉजी ऑप्टिमायझेशनमध्ये फिन किती, किती जाड आणि कुठे, हे आपण ठरवत नाही. हीट सिंकच्या जागेचे बारीक घटक पाडायचे, प्रत्येकाला ० ते १ मधली घनता द्यायची (० म्हणजे हवा, १ म्हणजे धातू) आणि तापमान सर्वांत कमी ठेवणारी मांडणी सॉल्व्हरला (गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामला) शोधू द्यायची. गणितात एखादी पळवाट राहिली असेल, तर सॉल्व्हर चांगल्या आकाराआधी तीच शोधतो. म्हणून खरी मेहनत मांडणीत आहे, कळ दाबण्यात नाही.

पुढचे आकडे एका उदाहरणाचे आहेत. तळ ५० × ५० मिमी, जाडी ३ मिमी. खाली मधोमध १५ × १५ मिमीचा २० वॅटचा उष्णतास्रोत. तळाच्या वर २० मिमी उंचीची जागा, तिच्यातून पंख्याची हवा. धातू ६०६१ ॲल्युमिनियम, उष्णतावाहकता सुमारे १६७ वॅट प्रति मीटर केल्विन; हवेची ०.०२६.

आधी साधा फिनवाला हीट सिंक सोडवून घ्या: १.५ मिमी जाडीचे फिन, मध्ये ३ मिमी फट. तुलनेला हा आकडा हाताशी नसेल, तर नंतर मिळणारा सुंदर आकार खरेच चांगला आहे की नुसता दिसायला, हे कळणार नाही. हवा २ मीटर प्रति सेकंदाने आत येत असेल, तर २० वॅट घेऊन ती सरासरी ८ केल्विनने तापते. तुमचे मॉडेल याहून फार वेगळे सांगत असेल, तर सीमेवरच्या अटी तपासा.

हवेची अट. आत येणारा वेग पक्का करू नका. वेग बांधला की सॉल्व्हर हवेला अरुंद फटींतून रेटतो. तापमान उतरते, पण तेवढा दाब कोणताच छोटा पंखा देत नाही. त्याऐवजी दाबातील घट बांधा, इथे १० पास्कल. पंख्याचा वक्र (किती दाबाला तो किती हवा देतो, याचा आलेख) हाताशी असेल, तर तोच सीमेवर लावणे सर्वांत उत्तम. हवा एका बाजूने वाहते, म्हणून सममिती फक्त प्रवाहाच्या दिशेतल्या मधल्या प्रतलात आहे. चतुर्थांश नव्हे, अर्धे मॉडेल घ्या. ०.५ मिमीच्या घटकांनी डिझाइनच्या जागेत १०० × ५० × ४०, म्हणजे २ लाख घटक होतात.

प्रवाह सोडवायचाच. वेळ वाचवण्यासाठी अनेक जण हवा गाळून धातूच्या पृष्ठभागावर ठरावीक संवहन गुणांक (पृष्ठभागावरून हवेत किती उष्णता जाते, तो आकडा) लावतात. मग सॉल्व्हर धातूच्या पोटात बंद पोकळ्या करतो, कारण तिथल्या भिंतीही त्याला ‘थंड’ पृष्ठभाग वाटतात. प्रत्यक्षात त्या पोकळीत हवा फिरतच नाही.

प्रवाहाच्या समीकरणात ब्रिंकमन पद जोडा: घनता वाढली की प्रवाहाला रोध वाढतो. या उदाहरणात धातूतला रोध सुमारे २ × १०⁵ पास्कल सेकंद प्रति चौरस मीटर पुरतो. तेव्हा धातूतून झिरपणारा वेग सुमारे ०.००१ मीटर प्रति सेकंद राहतो, फटींमध्ये तो ३ च्या आसपास असतो. रोध कमी ठेवला, तर हवा भिंतीतून आरपार जाते आणि उष्णता फुकटात वाहून नेते. अवाजवी वाढवला, तर समीकरणे नीट सुटत नाहीत आणि आकार सुरुवातीच्या अवस्थेतच अडकतो.

वाहकतेसाठी घनतेचा घातांक ३ ठेवा. मग अर्धवट घनतेचा घटक वाहकतेत फार काही कमावत नाही आणि करडा भाग टिकत नाही.

उद्दिष्ट. कमाल तापमान थेट घेता येत नाही, त्याचा अवकलज सलग नसतो. स्रोतावरच्या तापमानांचा ८ ते १० घाताचा पी-नॉर्म घ्या (सगळ्या तापमानांची अशी घाताची बेरीज, जिच्यात सर्वांत मोठ्यांचे वजन जास्त). इथे एक चूक वारंवार होते: केल्विनमधले निरपेक्ष तापमान वापरणे. ३४० आणि ३५० यांत गुणोत्तराचा फरक इतका कमी असतो, की नॉर्म जवळपास सपाट होतो. आत येणाऱ्या हवेचे तापमान वजा करा आणि अपेक्षित वाढीने भागा. सोबत धातूचे आकारमान ३५ टक्क्यांवर बांधा.

चालवणे. घनतेच्या फिल्टरची (शेजारच्या घटकांची सरासरी घेणाऱ्या गाळणीची) त्रिज्या १.५ मिमी, म्हणजे ३ घटक. त्याशिवाय बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके येतात आणि मेश (घटकांची जाळी) बदलला की आकारही बदलतो. सगळीकडे ०.३५ घनतेने सुरुवात करा. दर फेरीला घनता बदलण्यासाठी स्वानबर्ग यांची १९८७ ची मेथड ऑफ मूव्हिंग ॲसिम्प्टोट्स वापरा, एका फेरीत घनता ०.२ हून जास्त बदलू देऊ नका; उद्दिष्ट वरखाली हेलकावू लागले तर ०.०५ करा. हेव्हिसाइड प्रोजेक्शन (घनता ० किंवा १ कडे ढकलणारे फलन) याचा बीटा, म्हणजे ढकलण्याची तीव्रता, १ पासून दुप्पट करत ३२ पर्यंत न्या, प्रत्येक पायरीवर ४० फेऱ्या. थेट ३२ ने सुरू केले, तर पहिल्या काही फेऱ्यांतला आकारच गोठतो.

स्वतःचा कोड असेल, तर मोठी धाव सुरू करण्याआधी दहा घटक निवडून प्रत्येकाची घनता ०.०००१ ने बदला आणि उद्दिष्टात पडलेला फरक ॲडजॉइंट पद्धतीने दिलेल्या संवेदनशीलतेशी (घनतेनुसार उद्दिष्ट किती बदलते, त्या आकड्याशी) ताडून पाहा. एखादे चिन्ह चुकले असेल, तरी सॉल्व्हर काहीतरी आकार देतोच, आणि तो पटण्यासारखाही दिसतो.

बनवता येईल का? एक्स्ट्रूजन (साच्यातून धातू ढकलून लांब तुकडा काढणे) करायचे असेल, तर प्रवाहाच्या दिशेतल्या सगळ्या घटकांना एकच घनता द्या. मोकळेपणा जातो, पण साचा साधा राहतो. धातूची थ्रीडी छपाई असेल, तर पावडर बाहेर येण्यासाठी वाटा हव्यात आणि उभ्या रेषेपासून ४५ अंशांहून जास्त झुकलेल्या भागांना आधार लागतो. छापलेल्या मिश्रधातूची वाहकता ६०६१ हून कमी असू शकते. पुरवठादाराकडून घेतलेला आकडा सुरुवातीपासूनच मॉडेलमध्ये घाला.

पडताळणी. ०.५ घनतेवर पृष्ठभाग काढा, तळापासून सुटलेले तुकडे काढून टाका. पृष्ठभाग गुळगुळीत करताना साध्या लाप्लास स्मूदिंगने पातळ फिन आक्रसतात, म्हणून टाउबिन पद्धत बरी. मग भिंतीला चिकटून बसणारा नवा मेश करून, ब्रिंकमन पद न वापरता सगळे पुन्हा सोडवा. औष्णिक रोध (तापमानवाढ भागिले २० वॅट) आणि हवेचा प्रवाह, दोन्ही ताडा. फरक १० टक्क्यांहून जास्त आला, तर आधी करडे घटक मोजा, मग धातूतली गळती पाहा. त्यानंतरच सुरुवातीच्या फिनवाल्या हीट सिंकशी तुलना करा, आणि तीही त्याच १० पास्कलवर.