जुनी इंग्लिश चिनी मातीची भांडी घेताना या चुका टाळा

जुन्या इंग्लिश भांड्यांचा नाद लागलेला माणूस दुकानात शिरला की आधी प्लेट उलटी करतो. बुडावरचा शिक्का वाचतो, नाव ओळखीचं निघालं की लगेच भाव विचारतो. बहुतेक जण इथेच फसतात. शिक्का खोटा असतोच असं नाही. पुष्कळदा तो अगदी खरा असतो, पण आपण त्यातून भलतंच वाचतो. म्हणून शिक्का सगळ्यात शेवटी पाहावा. आधी भांडं हातात घेऊन वजन, बूड, झिलई आणि झीज पाहावी.

हे सगळं मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या स्टॅफर्डशायरच्या, म्हणजे आजच्या स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरातल्या, वाढायच्या भांड्यांबद्दल आहे: निळ्या छपाईच्या मोठ्या मीट डिश, सूपचे टुरीन, भाजीची झाकणाची भांडी, ग्रेव्ही बोट.

आकडा दिसला की ते साल, असं समजू नका

बुडावर ‘१७५९’ किंवा ‘१७७०’ दिसलं की विकणारा म्हणतो, ‘बघा, अडीचशे वर्षांचं.’ वेजवुडचा कारखाना १७५९ साली निघाला आणि स्पोडचा १७७० साली. ही स्थापनेची सालं आहेत आणि ती अगदी अलीकडच्या मालावरही असतात. मोठ्या डिशवर दाबून उमटवलेला ‘१८’ म्हणजे बहुधा इंचातली लांबी. हाताने रंगवलेला चार आकडी नंबर हा नक्षीचा असतो. रॉयल क्राउन डर्बीच्या प्रसिद्ध ‘ओल्ड इमारी’चा नंबर ११२८ आहे. त्याला साल समजलो तर ती प्लेट यादवांच्या देवगिरीहूनही जुनी ठरेल!

खरा उपयोग होतो तो वेगळ्या खुणांचा. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा नोंदणी शिक्का १८४२ ते १८८३ या काळातला. त्याच्या माथ्यावरच्या गोलात रोमन चार असेल तर ती मातीच्या भांड्यांची वर्गवारी. वर्षाचं अक्षर १८६७ पर्यंत त्या गोलाच्या लगेच खाली असे, १८६८ पासून ते उजव्या कोपऱ्यात गेलं. १८८४ पासून साधे नोंदणी क्रमांक सुरू झाले आणि १९०० उजाडेपर्यंत ते साडेतीन लाखांच्या पुढे गेले होते. मात्र ही तारीख नक्षी किंवा घाट नोंदवल्याची असते. तीच नक्षी पुढे वीस वर्षंही छापली जात असे.

अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर निर्यातीच्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं, त्यामुळे नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर माल साधारण १८९१ नंतरचा. ‘मेड इन इंग्लंड’ किंवा ‘बोन चायना’ (हाडांची राख घालून केलेली चिनी माती) छापलेलं असेल तर विसावं शतक धरून चाला.

नावाचं स्पेलिंगही नीट वाचा. मधे जादा ‘ई’ असलेलं वेजवुड हे मूळ कारखान्याच्या जोसाया वेजवुडचं नव्हे, आणि ‘वेजवुड अँड कंपनी’ हा स्टोकजवळच्या टन्स्टॉलचा वेगळा कारखाना. सिंह आणि एकशिंगी घोड्याचं राजचिन्ह पाहून भांडं राजवाड्यातलं समजणारेही भेटतात. ते चिन्ह कितीतरी कारखान्यांनी बिनदिक्कत वापरलं. ‘व्हिक्टोरिया वेअर, आयर्नस्टोन’ अशा शिक्क्यासह ते आलं तर बहुधा समोर आहे ती हल्लीची नक्कल.

टुरीन घेताना तुकडे वेगवेगळे तपासा

टुरीन म्हणजे चार वस्तू: भांडं, झाकण, खालची तबकडी आणि डाव. डाव सगळ्यात आधी फुटायचा, त्यामुळे तो मूळचाच आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर जरा थांबा. झाकणाचंही तेच. कुठल्यातरी तिसऱ्याच भांड्याचं झाकण बसवून ‘संपूर्ण सेट’ म्हणून विकणं हा या धंद्यातला जुना रिवाज आहे.

झाकण जागेवर ठेवून हलकेच फिरवा. थोडं हललं तर चालेल, पण एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला टेकलेलं असेल तर ते पाहुणं समजा. मग निळ्या रंगाची छटा दिवसाच्या उजेडात पाहा, दुकानाच्या पिवळ्या बल्बखाली नको. नंतर झिलई. पर्लवेअर म्हणजे पांढुरकी मातीची भांडी, त्यांच्या झिलईत निळा रंग देणारं कोबाल्ट किंचित असे, त्यामुळे बुडाच्या कड्याच्या खाचेत ती साचली की निळसर दिसते. क्रीमवेअरमध्ये, म्हणजे सायीच्या रंगाच्या भांड्यांत, तीच जागा पिवळट हिरवट दिसते. भांड्याच्या खाचेत निळी झाक आणि झाकणाच्या आतल्या कडेला पिवळट, असं असेल तर विषय संपला. भाव अर्ध्यावर आणा किंवा सोडून द्या. केवळ मांडून ठेवायचं असेल तर असली जोडी वाईट नाही, फक्त पैसे जुळवलेल्या जोडीचेच द्यावेत, मूळ सेटचे नव्हेत.

बुडाची झीजही खूप सांगते. खरी झीज जिथे भांडं टेबलाला टेकतं तिथेच असते, ओरखडे वेडेवाकडे आणि कमीजास्त खोल असतात. सगळीकडून सारखं घासलेलं, चहाच्या रंगाने मळवलेलं बूड संशयास्पद.

दोष समजून चांगला माल नाकारू नका

प्लेटच्या मागे तीन छोटे खडबडीत ठिपके दिसतात. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे ठेवलेल्या तिकाट्यांच्या त्या खुणा आहेत, टवके नव्हेत. काठावरच्या वेलबुट्टीत मधेच सांधा चुकलेला दिसतो, कारण तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर छाप घेऊन तो कागद हाताने चिकटवत. पण सांधा दिसला म्हणजे भांडं जुनं, असंही नाही. स्टोकच्याच बर्सलममधल्या मिडलपोर्ट पॉटरीत बर्ली हा कारखाना आजही याच पद्धतीने छापते.

दुरुस्ती ओळखा

प्लेट बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि काठावर नखाने टिचकी मारा. बोन चायना खणखणतं. बद्द आवाज आला तर तडा शोधा. साधी मातीची भांडी मुळातच कमी वाजतात, त्यांना ही कसोटी तितकीशी लागू नाही. मोबाइलचा टॉर्च मागून धरला की बोन चायनातून उजेड झिरपतो आणि केसाएवढा तडाही काळी रेघ होऊन दिसतो. रंग मारून लपवलेला टवका जिभेला किंवा ओठाला कळतो: बाकीची झिलई गार लागते, तो भाग कोमट. दुकानात हे करायला लाज वाटेल, म्हणून हनुवटीवर घासून पाहावं, तेही चालतं. मागे धातूच्या जाड टाचण्या मारलेल्या दिसल्या तर ती जुन्या फेरीवाल्या कारागिराची दुरुस्ती. त्या उपटू नका.

ब्लीच नको, चिंचही नको

झिलईच्या जाळीत उतरलेले तपकिरी डाग पाहून लोक घरातलं संडासाचं ब्लीच ओततात. डाग जातो, पण क्षार मातीत शिरतात, सुकताना त्यांचे खडे बनतात आणि झिलईचे पापुद्रे उडू लागतात. त्यापेक्षा आधी साध्या पाण्यात भिजवा, मग केमिस्टकडे मिळणारं सहा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कापडाच्या घडीवर घेऊन डागावर ठेवा. हातमोजे घाला आणि घाई करू नका. सोनेरी काम किंवा जोडलेलं भांडं असेल तर हाही प्रयोग नको. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह तर नकोच.

जुन्या झिलईत शिसं असतं. टुरीनमध्ये चिंचेची आमटी, लोणचं, दही ठेवायचा मोह होतो, पण आंबट पदार्थ ते शिसं खेचून घेतात. पाहुण्यांसमोर मिरवायचं असेल तर त्यात सुकामेवा ठेवा.

आपल्याकडच्या खास चुका

चोर बाजारच्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ‘विलायती’ म्हणून येणारा सगळा माल इंग्लिश नसतो. मास्ट्रिख्टचा पेट्रुस रेगाउट डच, पण विलोची, म्हणजे झाड, पूल आणि चिनी घरांची प्रसिद्ध निळी नक्षी त्यानेही छापली.

वाघ, हत्ती आणि शिकारी असलेली निळी प्लेट दिसली की ‘महाराजांसाठी खास बनवलेली’ हे ठरलेलं वाक्य ऐकू येतं. स्पोडची ‘इंडियन स्पोर्टिंग’ मालिका साधारण १८१५ ची, कॅप्टन थॉमस विल्यमसनच्या पुस्तकातल्या शिकारचित्रांवरून घेतलेली आणि इंग्लंडातल्या जेवणाच्या टेबलांसाठी केलेली. प्रत्येक आकाराला वेगळं दृश्य आणि मागे त्याचं नाव. जेवणाच्या प्लेटवर अस्वलाचा मृत्यू आहे. महाराजांची कथा ऐकून किमतीत एक रुपयाही वाढवू नका.

लंडन किंवा लेस्टरला राहणाऱ्यांनी इथे घेतलेली जुनी वस्तू सोबत नेताना १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवावा. शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू त्याच्या व्याख्येत बसू शकते आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधीच मिळतं का ते पाहा. ते मिळत नसेल तर ती वस्तू इथेच, घरच्या कपाटात राहू द्यावी. स्टोकच्या आसपासच्या दुकानांत तसलीच डिश पुष्कळदा स्वस्तात मिळते.